पहिला ग्लास कोणी भरला?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अध्यक्ष महाराज, आणि लाइट गेल्यावरही उठून न गेलेल्या नगरकर बंधू-भगिनींनो,

विषय दिलाय 'दारू पिण्याचं कायदेशीर वय'. कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला 21, बाकी सगळ्याला 25. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यानं प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. कोणी काढलाय? हात वर करू नका, पुढच्या रांगेत सासरेमंडळी बसलीत. (हशा)

मेंदूचा, विशेषतः विवेक सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे डॉक्टरांनी परवा याच व्यासपीठावर सांगितलं. पंधराच्या आत प्यायला लागलेल्याला पुढे व्यसन जडण्याचा धोका एकविशीनंतर सुरुवात करणाऱ्याच्या कितीतरी पट असतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत दिसलंय. ते सोडून देऊ. माझा मुद्दा वेगळाच आहे, आणि मला ओळखणाऱ्यांना तो पाठ झालाय. पोराला पहिली दारू दुकानदार देत नाही. आपण देतो.

हळदीची रात्र आठवा. डीजे चालू, मांडवामागे गाडीची डिकी उघडी. आत बर्फाची पिशवी, चकली, प्लास्टिकचे ग्लास. नवरदेवाचा मामा थम्सअपच्या बाटलीतलं अर्धं ओतून टाकतो, त्यात क्वार्टर रिकामी करतो, झाकण लावून हलवतो आणि अकरावीतल्या भाच्याला म्हणतो, "घे रे, चव बघ, पाहुण्यांत लाजायचं नसतं." कोण विचारतंय वय? मामाला तर ते तोंडपाठ असतं, बारशाला तोच होता!

आणि निवडणूक! फेब्रुवारी 2017, जिल्हा परिषदेचा प्रचार, आपल्याच तालुक्यातलं पांगरमल. जेवणावळीत दारू वाटली, माणसं मेली. तपास पोचला कुठे, तर जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये. बनावट दारू तिथे बनत होती! पंगतीला बसलेल्याला कोणी परवाना विचारला होता? वाढणाराच उमेदवाराचा माणूस... (मागून : "पक्ष सांगा!") पक्ष सांगत नाही, मला घरी जायचंय. (हशा)

दारू रोखण्यात राळेगणला मी मानतो. तिथे यादवबाबांच्या देवळापाशी खांबाला बांधून फटके दिले, ते पिणाऱ्याला. गावोगावी बायकांनी मतदानानं बाटली आडवी करायची, ती दुकानाची. ग्रामरक्षक दलाचा कायदा आला, त्याचा रोख अवैध धंद्यावर. पाजणारा मामा या तिन्हींतून सुटला.

पण एका कायद्यानं त्याला सोडलेलं नाही. बालन्याय अधिनियम 2015, कलम 77. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'विकली' नव्हे, 'दिली'. पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोघं गेली. तेव्हा त्याला जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर देश हसला, चिडला. पण त्याच प्रकरणात मुलाच्या वडिलांवर आणि बारवाल्यांवर हे कलम लागलं होतं, त्याची चर्चा किती झाली?

(एक श्रोते : "सगळ्या मामांना आत टाकणार का?") अहो, मी वकील, जामीन मिळवून देईन! गंमत सोडा. अठरा ते एकवीसच्या पोरांना दिली तर हे कलम लागत नाही, हेही कबूल. मी दारूबंदीवाला नाही. ज्यांचं वय झालंय त्यांनी परवाना काढावा आणि प्यावी, आपल्या जबाबदारीवर.

चिठ्ठी आलीय, दोन मिनिटं. महसूल, मळी, साखर कारखाने हे सगळं राहिलं. राहू द्या.

लगीनसराई आहे. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापता ना? त्याखाली आणखी एक ओळ छापा : 'मुलांना दारू देऊ नये, कलम 77.' पहिल्या दहा पत्रिकांच्या छपाईचे पैसे मी देतो. ज्यांच्या घरी पत्रिका छापायची आहे त्यांनी जाताना मला भेटा.