टिकून राहिलेली मिनिटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘एक कर्तृत्ववान स्त्री’ एवढाच विषय दिला व निवड माझ्यावर सोपविली. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि माझ्याहून चांगले बोलून झाले आहे. मी आज धाराशिवच्या एका खो-खो खेळणाऱ्या मुलीविषयी बोलणार आहे. तिचे नाव सारिका काळे. माझे सारे आयुष्य शाळेत मुलींना शारीरिक शिक्षण देण्यात गेले, तेव्हा हा पक्षपात आपण पदरात घ्याल अशी आशा आहे.

खो-खो आपण सगळ्याजणी खेळलो आहोत. पण आपल्या आठवणीत राहतो तो पाठलाग, पाठीवर पडलेली थाप आणि ‘खो’ची आरोळी. खेळाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो, तो म्हणजे संरक्षण. आठजणी ओळीने बसलेल्या, नववी मोकळी सुटलेली, आणि त्यांच्यापुढे एका वेळी फक्त तिघी. या तिघींनी काय करावयाचे? काही मिळवावयाचे नाही, केवळ बाद व्हावयाचे नाही. पाठलाग करणारीला मध्यरेषा ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारीला दोन्ही गोष्टींची मुभा असते. त्या एवढ्याशा सवलतीवर तिने जगावयाचे! बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी घालावयाची, खांबाजवळ हुलकावणी द्यावयाची, आणि दमछाक झाली तरी चेहऱ्यावर दिसू द्यावयाची नाही, कारण समोरची तेच हेरत असते.

जुन्या पद्धतीत या पळण्याला गुण नसे. गुण बाद करणारीच्या नावावर पडत. फुटबॉलमध्येही तेच नाही का? गोल करणारीचे नाव घरोघर पोचते, गोल अडविणारी बचावपटू फार थोड्यांच्या लक्षात राहते. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी मात्र एक चांगली चाल पाडली. खो-खोच्या बातमीत अमकीने किती मिनिटे आणि किती सेकंद संरक्षण केले हे ती आवर्जून छापतात. हातात घड्याळ घेऊन पंचांच्या टेबलाशी मी पुष्कळ वर्षे बसले आहे. तीन मिनिटे म्हणजे किती, हे मला विचारा. चहाला उकळी फुटायला लागतो तेवढा वेळ. पण मैदानावर तो संपता संपत नाही.

सारिका वयाच्या तेराव्या वर्षी या खेळात आली. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे कमावता येत नव्हते. आई शिवणकाम आणि लोकांच्या घरची कामे करी. आजी-आजोबांचा आधार होता. पुढे अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर तिनेच सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे तिने दिवसाकाठी एका जेवणावर काढली. पोटभर आणि चांगले खायला मिळे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. भगिनींनो, हे वाक्य वाचून मी थांबले. आपण समजतो की मुली शिबिराला खेळाच्या ओढीने जातात. त्यातल्या किती जणींना तिथल्या ताटाचीही ओढ असते, हे आम्ही शिक्षिकासुद्धा विचारीत नाही.

२०१६ साली गुवाहाटी व शिलाँग येथे दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यात खो-खोला प्रथमच स्थान मिळाले होते. भारतीय महिला संघाची कर्णधार होती सारिका, आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. (त्याच स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक आपल्या हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने मिळविले. नाशिककरांना तेवढे बरोबर आठवते!)

आता पुढचे ऐका. त्याच २०१६ साली ही मुलगी खेळ सोडावयास निघाली होती. घरच्या पैशाच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की खोलीचे दार लावून आत बसून राहिली. आजीने ही गोष्ट तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना सांगितली. त्यांनी समजूत घातली, तेव्हा ती पुन्हा मैदानावर आली. ज्या मुलीला प्रतिस्पर्धी हात लावू शकत नव्हते, तिला घरखर्चाने गाठले होते. तिच्या कारकिर्दीतले सर्वांत अवघड संरक्षण कोणी केले असेल, तर ते त्या आजीने, असे मी म्हणेन. तिची मिनिटे कोणत्याही पंचाने मोजली नाहीत.

२०२० साली सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता. करोनामुळे २९ ऑगस्टचा तो समारंभ पडद्यावरूनच पार पडला. तोवर ती तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी झाली होती. पदकाचे मला कौतुक आहेच, पण या नोकरीचे अधिक आहे. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ठेवलेल्या पाच टक्के जागांची चेष्टा करणारे लोक मी पाहिले आहेत. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार खेळणाऱ्या मुलीला काय देतो, हे त्यांनी त्या बंद दाराबाहेर उभे राहून पाहावयास हवे होते.

खेळ आता पुष्कळ पुढे गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. नव्या जलद पद्धतीत ठराविक वेळेपुढे टिकणाऱ्या तुकडीला गुण मिळतो, त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. त्या सामन्यात कर्नाटकच्या चैत्राने आपली तुकडी पाच मिनिटांहून अधिक टिकवून धरली. नाव इंग्रजी आहे खरे, पण टिकून राहण्याला अखेर गुण मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आता मंडळाकडे एक मागणे. आपण दर वर्षी यशस्वी मुलींचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, हार, फोटो. पदक मिळाल्यावर शाल देणारे पुष्कळ भेटतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतून आपल्या शहरात शिकावयास येणाऱ्या, वसतिगृहात राहून पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुली आहेत. त्यांना सरावानंतर दूध, दोन अंडी किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू मिळावा, एवढाच माझा प्रस्ताव आहे. यंदाच्या शाली रद्द करून त्या पैशांतून आरंभ करता येईल. लाडू वळावयास मी येईन. शेंगदाणे भाजून, साले काढून आणणाऱ्या दहाजणी मला हव्या आहेत. चिटणीसबाईंजवळ वही ठेवली आहे. चहाला जाण्यापूर्वी तीत नावे लिहावीत, आणि नावापुढे आपल्याला कोणता वार जमेल तेही लिहावे.