प्रारूप अंदाजपत्रक वाचताना

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास नवी मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक आकडा ठळक छापून येतो. 2024-25 साली तो 4,950 कोटींचा होता, 2025-26 साली 5,709 कोटी 95 लाखांचा. म्हणजे एका वर्षात सुमारे 15 टक्क्यांची वाढ. शेजारीच 'कोणतीही करवाढ नाही' असं वाक्य असतं. एवढं वाचून आपण पान उलटतो. पण या दोन्ही गोष्टींवरून शहराचा कारभार कळत नाही. तो कळायला दोन साधे प्रश्न पुरतात: मागच्या वर्षी ठरवलेल्यापैकी झालं किती, आणि आज जे बांधायचं ठरतंय ते उद्या चालवायला पैसे कुठून येणार?

हे प्रश्न विचारायला आता जागा मिळाली आहे. मे 2020 मध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढली पाचहून अधिक वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 111 नगरसेवकांचं सभागृह पुन्हा आलं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे आयुक्तांचे अंदाज आधी 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे आणि तिथून महासभेपुढे जातात. करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत आणि अंदाजपत्रक 31 मार्चपूर्वी कायम करायचं असतं. एकदा ते कायम झालं की हरकतीला फारसा अर्थ उरत नाही. प्रारूपावर बोलायचं ते त्याआधीच्या काही आठवड्यांत.

अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडल्यावर एका लेखाशीर्षासमोर तीन रकाने महत्त्वाचे: आधीच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती तिसऱ्या रकान्याची, पण खरं बोलतात ते पहिले दोन. समजा, एका नाल्याच्या बांधकामाला गेल्या वर्षी 10 कोटी धरले, सुधारित अंदाजात ते 3 कोटींवर आले आणि यंदा पुन्हा 10 कोटी दाखवले. तर ही नवी तरतूद नव्हे, न झालेल्या कामाची पुन्हा केलेली घोषणा आहे. एकूण आकड्यात आरंभीची शिल्लकही धरलेली असते, हेही ध्यानात ठेवावं. गेल्या वर्षी खर्च न झालेले पैसे पुढच्या वर्षीच्या जमेत येतात आणि अंदाजपत्रक फुगलेलं दिसतं. तेव्हा मोठा आकडा कामाचा उरक दाखवतो की कामांचा तुंबारा, हे मधला रकाना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आता जमेकडे वळू. या शहराची बरीचशी जमा एके काळी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि वाशीच्या बाजार समितीत येणाऱ्या मालावरच्या उपकरातून येई. 2013 मध्ये त्याजागी स्थानिक संस्था कर आला, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्य शासनाकडून भरपाईचं अनुदान मिळू लागलं. 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून त्यात दरसाल 8 टक्के वाढ मिळते. हे अनुदान भरवशाचं आहे, पण ते ठरवणं महापालिकेच्या हातात नाही. स्वतःच्या हातातला मोठा स्रोत म्हणजे मालमत्ता कर. त्याचे दर कित्येक वर्षं वाढलेले नाहीत आणि घरगुती पाणीपट्टीही तिथेच आहे. स्वतःचं मोरबे धरण असल्यामुळे हे जमलं, असं म्हटलं जातं आणि ते काही अंशी खरंही आहे. पण भोकरपाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र, तिथून दिघ्यापर्यंत येणाऱ्या जलवाहिन्या आणि त्यांची दुरुस्ती यांचा खर्च काही तिथेच थांबलेला नाही. दर वाढवाच, असं मी म्हणत नाही. थकबाकी आधी वसूल करा, हा आक्षेप रास्तच आहे. वारंवार अभय योजना आणून दंड माफ केला की वेळेवर भरणाराच खुळा ठरतो. पण करवाढ टाळली की खर्चाचा बोजा कुणावर टाकला, हेही त्याच वेळी सांगितलं पाहिजे.

दुसरा प्रश्न चालवण्याच्या खर्चाचा. नेरूळ आणि ऐरोली इथं महापालिकेनं रुग्णालयाच्या मोठ्या इमारती उभ्या केल्या. भांडवली खर्च झाला, उद्घाटनंही झाली. पण डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ पुरेसे नसल्यानं त्या बराच काळ पूर्ण क्षमतेनं चालल्या नाहीत आणि भार वाशीच्या रुग्णालयावरच राहिला. परिवहन उपक्रमाचंही तेच. नवी बस एकदा घेतली जाते, पण चालक, वीज आणि देखभाल रोज लागते. तिकिटातून ते भागत नाही म्हणून महापालिका अनुदान देते. सार्वजनिक बस तोट्यात चालवणं गैर नाही. तो तोटा किती आणि किती वर्षं सोसायचा, हे ठरवून सोसलं म्हणजे झालं.

यावर कुणी म्हणेल की प्रशासकाच्या काळात कामं भराभर झाली, सभागृहात नुसते वाद होतात. वेग आला असेलही. पण ज्यानं प्रस्ताव केला त्यानंच तो मंजूर करायचा, तर चूक दाखवणार कोण? वाद वायफळ होतो तो नगरसेवक फक्त आपल्या प्रभागातल्या पदपथाची रक्कम वाढवून मागतो तेव्हा. दुसरं कुणी म्हणेल, हे लेखापालांचं काम, आम्हाला काय समजणार? पण सोसायटीचा ताळेबंद वार्षिक सभेत आपण वाचतोच की. मागच्या वर्षी रंगकामाला धरलेले पैसे गेले कुठे, हा तिथला नेहमीचा प्रश्नच इथेही विचारायचा आहे.

आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. त्यामुळे जबाबदारी एकमेकांवर ढकलणं सोपं झालं आहे. त्यावर उपाय एवढाच की महासभेआधी चौघांनाही तेच विचारावं: आपल्या विभागातल्या तीन मोठ्या कामांचा मूळ अंदाज किती होता, सुधारित किती झाला, प्रत्यक्ष खर्च किती, आणि काम पुरं झाल्यावर ते चालवायला दरसाल किती लागेल. उत्तर लेखी मागावं. ज्याला ते देता येईल, त्यानं अंदाजपत्रक वाचलेलं असेल. ज्याला देता येणार नाही, त्यानं ते न वाचताच हात वर करू नये, असं मतदार म्हणून आपण बजावू शकतो.