चीनच्या बाजारातली घासाघीस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ हा विषय दिला. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. जगात कुठेही गेलं तरी आमचं ऑफिस सारखंच दिसतं, त्यामुळे ऑफिसबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. बाजाराबद्दल मात्र आहे. २०१२ ते २०१५ या काळात कामानिमित्त मी चार वेळा चीनमधल्या शेन्झेनला गेले. हाँगकाँगची हद्द ओलांडून लुओहूला बाहेर पडलं, की समोरच पाच मजली बाजार उभा. बॅगा, घड्याळं, चष्मे, कापड, शिंपी, सगळं एका छपराखाली.

तिथल्या एका गाळ्यात मी एका पर्सची किंमत विचारली. दुकानदार बाईंनी कॅल्क्युलेटरवर ४८० दाबून तो माझ्यापुढे धरला. तेव्हा एक युआन म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये. मी आकडा पुसून ८० दाबले. त्यांनी कपाळाला हात लावला, मग ३५०. मी ९०. असं करत पर्स ११० ला मिळाली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हती, तरी आमचं व्यवस्थित भांडण झालं आणि शेवटी दोघी हसलो.

मग मी थोडा अभ्यास केला. ‘दुओशाओ च्येन’ म्हणजे किती पैसे. ‘थाय क्वेइ ल’ म्हणजे फार महाग. ‘प्येनयी यीद्येन’ म्हणजे थोडं स्वस्त करा. एवढ्यावर बाजार निभतो. आकड्यांची मात्र गंमत आहे. चार आणि दहा यांचे उच्चार ‘स’ आणि ‘श’ इतके जवळचे, आणि दक्षिणेकडचे बरेच लोक दोन्हीकडे ‘स’च म्हणतात. म्हणून बोटं वापरतात. एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपण ते दोन समजून खूश होतो! बोटांवरचा भाव आपल्यालाही नवा नाही म्हणा. वाशीच्या फळबाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होत आलाय.

पाहुण्याला काही गोष्टी कळल्या की बरं असतं. पहिला भाव हा वस्तूचा नसतो, तो आपल्याला काय माहीत आहे हे तपासायचा असतो. त्याचा निम्मा मागून उपयोग नाही, कारण निम्मा मागणार हे धरूनच तो सांगितलेला असतो. आधी तीन गाळ्यांत विचारावं, मग बोलावं. सुपरमार्केट, मॉल, खाणावळ इथे घासाघीस करू नये, तिथे छापील तोच भाव. ह्वाछ्यांगपेइच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात भाव नगांवर ठरतो. एक हवा की हजार, हे आधी विचारतात. आणि आपण बोललेल्या आकड्याला समोरच्यानं हो म्हटलं, तर वस्तू घ्यावीच लागते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तिथेही आहे आणि पापडीच्या बाजारातही आहे.

सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे निघून जाणं. चार पावलं टाकली की मागून हाक येते. हाक आली म्हणजे आपल्या आकड्यातही त्यांना नफा आहे. नाही आली तर आपण फारच खाली गेलो, पुढच्या गाळ्यात थोडं वर जायचं. मनाला लावून घ्यायचं काही नाही. पर्स नासत नाही. आज मी घेतली नाही तर उद्या दुसरी कुणी घेईल.

हे हत्यार घेऊन मी वसईच्या मासळीबाजारात आईबरोबर गेले, तेव्हा आईनं मला थांबवलं. दुपारचा एक वाजला होता, टोपलीतला बर्फ पाणी झाला होता. वाट्याचा भाव ऐकून मी वळले आणि कोळीणबाईंनी लगेच हाक मारली, “ये गो, घेऊन जा, देते.” आई म्हणाली, “ती हाक नफ्याची नाही, बर्फाची आहे.” उरलेले बोंबील घरी नेऊन काय करणार? पहाटे धक्क्यावर लिलावात घेतलेले पैसे तर गेलेलेच. निघून जायची सोय फक्त माझ्याकडे होती.

आई भाव करत नाही असं मुळीच नाही. ती सकाळी जाते. तेव्हा टोपली भरलेली असते, कोळीणबाई “अजून भवानी पण नाय झाली” म्हणून ठणकावून नाही म्हणू शकतात, आणि दोघींचा फड रंगतो. दुपारी गेली तर आई पैसे कमी करायला सांगत नाही. “वर दोन बोंबील टाक” म्हणते. कोळीणबाई टाकतात. त्यांच्या हातात पूर्ण पैसे पडतात आणि आईच्या पिशवीत दोन बोंबील जास्त.

मित्रांनो, तुमच्यातले निम्मे आज पुण्याहून, बंगळुरूहून, दोघे तर कॅनडाहून आलेत. उद्या परतण्याआधी सुकेळी, सुके बोंबील, ताजी भाजी घ्यायला तुम्ही बाजारात जाणारच. गाडीतून उतरल्यावर पहिला भाव पाहुण्याचाच सांगतील, कारण आता आपण इथले पाहुणेच आहोत. राग मानू नका. आपल्या बोलीत बोला, जरूर भाव करा. पण सुकेळ्यांना किती दिवस ऊन दाखवावं लागतं, हे आपण लहानपणी गच्चीवर कावळे हाकताना पाहिलंय. लुओहूच्या गाळ्यात हे कळायला मला मार्ग नव्हता. इथे आपल्याला सगळं माहीत आहे, तेव्हा आकडा बोलताना ते धरून बोला.

आणि शक्यतो सकाळी जा.