वर्षाची सरासरी आणि पौषातली सकाळ



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही शाळा लवकर सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटावर झाले. म्हणून चंद्रपूरच्या हवेविषयी जे बोलणार, ते कामगाराच्या हिशेबाने बोलणार.

आपले शहर इरई आणि झरपट या नद्यांच्या काठी वसले आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मुंबईला समुद्रावरचा वारा धूर हलवून देतो, ती सोय आपल्याला नाही. उत्तरेस वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, दक्षिणेस बल्लारपूरची कागद गिरणी, घुग्घुसकडे पुन्हा खाणी आणि सिमेंट. कोळसा या जमिनीत होता म्हणून कारखाने आले, आणि कारखान्यांमागून आम्ही आलो. ही भूगोलाची देणगी खरी. तिचा खर्च मात्र ऋतूंच्या वहीत लिहिलेला आहे.

ती वही उघडून पाहा. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना भिडतो. तापलेली जमीन हवेला वर ढकलते, आणि दुपारी धुराला दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरायला जागा मिळते. धूळ उडते, राख उडते, पण धूर कोंडत नाही. पावसाळ्यात सरी हवा धुऊन काढतात. अर्थात घाण नाहीशी होत नाही, तिचा फक्त पत्ता बदलतो. हवेतली राख नाल्यात आणि नदीत जाते.

पौषात सारे उलटते. एरवी उंच जावे तशी हवा थंड होत जाते. पण निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागलेली हवा थंड आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. वाराही मंद, आणि बहुधा उत्तरेकडचा. झाकण तीनशे मीटरवर असेल, तर मे महिन्यात तीन हजार मीटरांत मावणारा धूर त्याच्या दहाव्या हिश्श्यात मावावा लागतो. दहा जणांच्या खोलीत शंभर माणसे कोंबावीत, तसाच हा प्रकार.

येथे एक जुने भांडण मिटते. कोणी म्हणतो, दोष गरिबाच्या कोळशाच्या शेगडीचा. कोणी म्हणतो, उंच धुराड्याचा. दोघेही खरे आहेत, फक्त वेळा निराळ्या. रात्री आणि पहाटे शेगडीचा, ट्रकचा, पेटत्या कचऱ्याचा धूर झाकणाखाली आपल्या नाकाशी राहतो. धुराड्याचा धूर पुष्कळदा झाकणाच्या वर तरंगत असतो. सूर्य वर आला, जमीन तापली, झाकण फुटू लागले, की वरचा धूर खाली उतरतो. नेमकी ती वेळ पोरे शाळेत जाण्याची.

आता आकड्यांकडे या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली. हवा, पाणी, जमीन मिळून चंद्रपूरला शंभरांपैकी ८३.८८ गुण मिळाले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे वाईट अवस्था, आणि आपला नंबर देशात चौथा होता. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही आपले नाव आले. त्या कार्यक्रमात प्रगती मोजायची ती मुख्यतः वर्षाच्या सरासरीने.

मित्रहो, सरासरी म्हणजे काय हे कामगाराला शिकवावे लागत नाही. साहेबाचा पगार आणि हेल्परची मजुरी एकत्र करून दोनाने भागले, तर कागदावर दोघेही सुखी दिसतात. वाटाघाटीत असा आकडा आम्ही कधी मान्य केला नाही. मग पावसाळ्याची धुतलेली हवा पौषाच्या हवेत मिसळून काढलेला आकडा का मान्य करावा? फुप्फुसे वर्षाच्या सरासरीने श्वास घेत नाहीत. कायद्यालाही हे ठाऊक आहे: दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी वर्षाची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर चोवीस तासांची १०० आहे. दुसऱ्या आकड्याचा हिशेब मागणे आपल्या हाती आहे.

येथे आम्हाला कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी काही नागरिक हवेसंबंधीच्या अर्जावर सही मागायला आमच्या कचेरीत आले होते. आम्ही म्हणालो, धुराडे विझले की आमची चूल विझते. सही दिली नाही. त्याच थंडीत आमच्या एका जोडीदाराच्या आईला धाप लागून दवाखान्यात न्यावे लागले. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, आपण चूल वाचवली, पण फुंकणारी?" आम्हाला उत्तर सुचले नाही. चूक आमची होती. रोजी आणि हवा यांतून एकच निवडा, असे कोणी सांगितले नव्हते. ते आम्हीच गृहीत धरले होते.

म्हणून आज मागणी करतो, ती धुराडे पाडण्याची नव्हे. कार्तिक ते माघ हे महिने निराळ्या शिस्तीचे ठरवा. या काळात राख पकडणारी यंत्रे बंद पडली तर त्या युनिटचा भार कमी करा. कोळशाच्या गाड्यांवर ताडपत्री घाला, रस्ते ओले ठेवा. शेगडीवाल्याला दंड नको, परवडेल असा गॅस द्या. आणि पौषाचे आकडे रोजच्या रोज चौकात, मराठीत लावा.

वारा आणि थंडी आपल्या हाती नाहीत. त्या येणार हे मात्र दर वर्षी ठाऊक असते. ठाऊक असलेल्या संकटाची तयारी न करणे, याला ऋतू जबाबदार नाही.