सातबारा नसलेल्याचे मासे
(हडपसर इथल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



मत्स्यशेतीला सामान काय लागतं ते सांग, असा मला हुकूम झालाय. सांगतो. पण मी कुणी साहेब नव्हे. दोन हजार बोटुकली एका रात्रीत मारून बसलेला माणूस आहे.

आपल्या हडपसरात सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. किती जण आत गेलात? पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावं लागायचं. १९५७ साली ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं आणि वाहत्या नदीशिवाय अंडी घालायला लावली. तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ यांचं बीज केंद्रावर निघू लागलं. आधी जिरे, मग बीज, मग बोटाएवढी बोटुकली. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात. पिशवी आणल्या आणल्या फोडू नका. पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, पाण्याची ऊब सारखी होऊ द्या.

बाकी सामान म्हणजे बारीक जाळीचा हापा, ओढायचं जाळं, चुना, सामू बघायचा कागद, आणि पाणी घुसळून हवा देणारा एअरेटर. मी एअरेटर कर्ज काढून आणला. जनरेटर नाही आणला. पैसेच नव्हते. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ऑक्सिजन खातं. पहाटे पाणी सगळ्यात कंगाल असतं. त्या रात्री लाइट गेली. पहाटे बघतो तर सगळे मासे वर, तोंडं उघडी. बादलीनं पाणी उडवत राहिलो, येड्यासारखा. सकाळी पोती भरली.

तरी परत उभा राहिलो असतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जातींना ६० टक्के अनुदान होतं, सर्वसाधारण गटाला ४०. पण अर्जाला सातबारा पाहिजे, नाहीतर नोंदलेला भाडेकरार. माझं तळं दुसऱ्याच्या रानात, बोलीवर. करार करू म्हटलं तर मालक म्हणाला, तळं खाली कर. शून्याचे ६० टक्के किती होतात?

महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर. ओंजळ भरायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला हजारो माणसं घेऊन जावं लागलं. आपण पाणी प्यायचा हक्क घेतला. पाण्यात पिकवायचा हक्क अजून दुसऱ्याच्याच खिशात आहे.

म्हणून आधी मशिनी घेऊ नका, दुकानदार गोड बोलेल. तुमच्यातले निम्मे गावाकडून आलेत. गावतळं कुणाच्या ताब्यात, ठेका कुणाला, किती वर्षांचा, किती रुपयांत, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. एकट्यानं नको, दहा-दहा सह्यांनी. अर्जाचा नमुना मी लिहून आणलाय.

हापा पण आणलाय, मागं खुंटीला आहे. जाता जाता हात लावून बघा, जाळी किती बारीक असते ती.