खाल्लेले अन्न अंगी कसे लागते?



“मुलगा जेवतो बरा, पण खाल्लेले अंगी लागत नाही,” अशी तक्रार पालक शिक्षकांपाशी पुष्कळदा करतात. या साध्या बोलण्यात शरीरशास्त्रातील एक महत्त्वाचे तत्त्व सामावलेले आहे. अन्न पोटात गेले म्हणजे ते शरीरात गेले, असे नव्हे. अन्नमार्ग ही एक लांब नळी आहे. तिच्या भिंतीतून पार होऊन जे रक्तात मिसळते, तेवढेच अंगी लागते. हे कार्य मुख्यतः लहान आतड्यात घडते.

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब व सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते. ते आतून गुळगुळीत असते, तर त्याचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटरही भरला नसता. परंतु त्याच्या अस्तराला घड्या असतात, घड्यांवर एक मिलिमीटरपर्यंत उंचीचे बोटांसारखे असंख्य अंकुर असतात आणि त्या अंकुरांवरील पेशींना त्याहूनही सूक्ष्म केसर असतात. हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचे जुन्या पुस्तकांत आढळते. मात्र स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली केलेल्या मापनानुसार तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे पनवेलच्या खांदा कॉलनीतील एखाद्या छोट्या सदनिकेच्या जमिनीएवढा भरतो. तेवढा विस्तारही थोडाथोडका नव्हे.

स्वादुपिंडाचा रस, पित्त व आतड्यातील पाचक द्रव्ये यांमुळे भातभाकरीची साखर होते, डाळीतील प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि तेलातुपाचे सूक्ष्म कण होतात. साखर व अमिनो आम्ले अंकुरांतील केशवाहिन्यांत शिरून प्रथम यकृताकडे जातात. स्निग्धांश मात्र बहुतांशी लसीकावाहिन्यांच्या वाटेने मानेच्या मुळाशी रक्तास मिळतो.

या अंकुरांवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात व नव्या येतात. दूषित पाणी व अस्वच्छ हात यांमुळे वारंवार जंतुसंसर्ग झाल्यास अंकुर आखूड होतात आणि शोषण मंदावते. मग ताट भरलेले असूनही मूल खुरटते. म्हणून शाळेतील भोजनापूर्वी साबणाने हात धुणे हा केवळ शिस्तीचा भाग नसून पोषणाचाच भाग आहे.

अतिसारात शरीरातील पाणी झपाट्याने जाते. तरीही शोषणाची एक वाट बहुधा शाबूत राहते. आतड्यातील पेशी साखर व मिठातील सोडियम ही दोन्ही एकत्रच आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हा सिद्धांत मांडला. पुढे १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडताच डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी तोंडाने पाजविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

आरोग्य केंद्रातील जलसंजीवनीचे पाकीट मिळाल्यास तेच वापरावे. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवावा. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. हे पाणी घोटाघोटाने पाजावे, अन्न व अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाल्यास, पाणी पिईनासे झाल्यास किंवा शौचातून रक्त पडल्यास विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

वर्गात सुती पंचाचा व टर्किश टॉवेलचा एकाच मापाचा तुकडा पाण्यात भिजवून, दोन भांड्यांत वेगवेगळा पिळावा. टॉवेलातून अधिक पाणी निघेल. फासांमुळे पृष्ठभाग कसा वाढतो, हे मुलांना आपोआप उमगेल. मात्र टॉवेल पाणी स्वतःपाशी ठेवतो आणि आतडे ते रक्तास देते, हा भेद अवश्य सांगावा.

हा पाठ फळ्यापुरता न राहता घरोघरी पोचावा. खाऊ घालणे घराचे काम आहे; खाल्लेले अंगी लागावे म्हणून स्वच्छतेची सवय जडविणे हे शाळेचेही काम आहे.