दुर्मीळ रंगाचं पिल्लू



कुत्र्याचं पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर हल्ली ‘रेअर कलर’ हे शब्द हमखास पडतात. चंदेरी लॅब्रेडॉर, निळसर राखाडी फ्रेंच बुलडॉग, नाहीतर अंगभर शाईचे शिंतोडे उडावेत तसा दिसणारा मर्ल. साध्या रंगाच्या भावंडांपेक्षा अशा पिल्लाची किंमत जास्त सांगितली जाते, आणि घेणाऱ्याला वाटतं, दुर्मीळ आहे म्हणजे अधिक अस्सल असणार. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची झळ मुक्या जनावराला बसते, म्हणून आज मी या विषयावर बोलणार आहे.

कुत्र्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्यं असतात. एक काळं, दुसरं पिवळं-तांबडं. ती कुठे, किती आणि कशी उतरतात हे जनुकं ठरवतात, आणि प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते. लॅब्रेडॉरचंच बघा. काळ्या रंगाची एक प्रत मिळाली तरी पिल्लू काळं होतं. चॉकलेटी व्हायला दोन्ही प्रती चॉकलेटी लागतात. पिवळा रंग तिसऱ्याच वाटेने येतो. एका वेगळ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, की काळं किंवा तपकिरी द्रव्य केसांत उतरतच नाही. त्यामुळे दोन काळ्या लॅब्रेडॉरच्या एकाच वेतात काळी, चॉकलेटी आणि पिवळी अशी तिन्ही पिल्लं निघू शकतात. त्यासाठी कुत्रीवर संशय घ्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा जनुक वाचण्याची सोय नव्हती. कोणत्या जोडीला कोणत्या रंगाची पिल्लं झाली, यावरूनच त्यांना मांडणी करावी लागली.

आता मर्लकडे येऊ. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ग्रेट डेन, डॅक्सहुंड या जातींत हा रंग जुना आहे. त्यामागचं कारण २००६ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी शोधून काढलं. पेशीतलं रंगद्रव्य ज्या धाग्यांवर बसतं, ते धागे तयार करणाऱ्या जनुकात एक जादा तुकडा घुसलेला असतो. त्याची एकच प्रत असेल तर काळा रंग जागोजागी फिका पडून राखाडी होतो आणि मधेमधे गडद डाग राहतात. दिसायला देखणं, आणि अशी बहुतेक कुत्री धडधाकट असतात.

पण दोन मर्ल एकत्र आणले, तर हिशेब बदलतो. सरासरी चारातल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती मिळतात. हे पिल्लू बरंचसं पांढरं होतं. अनेकदा त्याचे डोळे लहान राहतात, बाहुली मध्यावर नसते, कधी दृष्टीच नसते. जॉर्ज स्ट्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा दुहेरी मर्ल कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी आढळली.

केसांच्या रंगाचा कानाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूने निघून सगळ्या अंगभर पसरतात. त्यातल्या काही आतल्या कानातही पोहोचतात आणि तिथल्या द्रवातल्या क्षारांचं प्रमाण टिकवायला मदत करतात. त्या तिथे नसल्या, तर ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. डाल्मेशियनमध्ये बहिरेपण इतकं आढळतं, त्यामागेही पांढऱ्या रंगाचं जनुक आहे. रंग म्हणजे वरवरचा साज नाही, हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं.

आणखी एक अडचण आहे. मर्लचा परिणाम फक्त काळ्या-तपकिरी द्रव्यावर होतो. पिवळ्या कुत्र्याच्या अंगावर तो दिसतच नाही. त्यामुळे साधा पिवळा वाटणारा कुत्रा मर्ल असू शकतो, आणि मालकाला न कळता दोन मर्लची जोडी जमू शकते.

फ्रेंच बुलडॉगमध्ये तर मर्ल हा रंग मुळात नव्हताच. आज दिसतो तो दुसऱ्या जातीशी संकर करून आणलेला. अमेरिकन केनेल क्लबच्या प्रमाणकानुसार तो प्रदर्शनातून बाद ठरतो. चंदेरी लॅब्रेडॉरचा रंग फिकटपणाच्या जनुकाच्या दोन प्रतींमुळे येतो, आणि अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस पुढे गळू लागतात, कातडी खराब होते. दुर्मीळ म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेलं पिल्लू पशुवैद्याकडे खेपा घालू लागतं, ते असं.

म्हणून पिल्लू पसंत करण्याआधी त्याचे आई-बाप दोघेही बघा. दोघेही मर्ल असतील तर तिथून घेऊ नका. पैदास करणाऱ्याकडे जनुक चाचणीचा अहवाल मागा. ती गालाच्या आतल्या बाजूने घेतलेल्या नमुन्यावरही होते. भारतात २०१७ सालच्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तो नोंदणी दाखला बघायला मागायला संकोच करू नका.

आणि तुमच्या घरी बहिरं पिल्लू आलंच असेल, तर त्याला टाकून देऊ नका. हाताच्या खुणांनी ते बसायला, यायला, थांबायला शिकतं. झोपेतून उठवताना त्याला एकदम हात लावू नका, आधी जमिनीवर हलकेच पाय आपटा म्हणजे त्याला कंप जाणवेल. आणि रस्त्यावर नेताना साखळी कधीही सोडू नका, कारण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज त्याला येत नाही.